कावळ्याची वाट आणि आगगाडीची वाट

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली, की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. डब्यातली मंडळी वड्यासाठी खिडक्यांशी गर्दी करतात, आणि तिकडे गाडीच्या शेपटीला जादा इंजिने येऊन भिडतात. अलीकडे काही नव्या गाड्या या मदतीवाचून घाट चढतात हे खरे. पण मागून ढकलणारी इंजिने ही कर्जतची जुनी ओळख आहे. वडा सर्वांच्या लक्षात राहतो. इंजिनांकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. आज आपण त्या इंजिनांपासूनच सुरुवात करू, आणि त्यांच्या निमित्ताने शाळेतल्या एका छोट्या गणिताचा माग काढू.

वाचकहो, रेल्वेच्या हिशेबाने मुंबईहून कर्जत १०० किलोमीटर आहे आणि लोणावळा १२८. म्हणजे कर्जत ते लोणावळा रुळांची लांबी २८ किलोमीटर झाली. आता शाळेतला नकाशा घ्या आणि कर्जत व लोणावळा या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवा. ढोबळमानाने २० किलोमीटर भरतील. कावळा कर्जतहून उडाला तर वीस किलोमीटरांत लोणावळ्यास पोचेल आणि आगगाडीला अठ्ठावीस लागतील. मधले आठ किलोमीटर गेले कुठे? इंग्रज इंजिनियरांना सरळ रेघ काढता येत नव्हती असे तर नाही ना?

पदार्थविज्ञानात या दोन मोजमापांना दोन वेगळी नावे आहेत. गाडी प्रत्यक्ष जेवढे चालली ते ‘अंतर’. निघाली तिथून पोचली तिथपर्यंतची सरळ रेषा, तिच्या दिशेसकट, ते ‘विस्थापन’. अंतराला दिशा नसते, विस्थापनाला ती असावीच लागते. सकाळी बैल घेऊन शेतावर गेलात आणि संध्याकाळी घरी परत आलात, तर दिवसभराचे विस्थापन शून्य. अंतर किती झाले ते पायांना विचारा!

गुरुजी मंडळींना पुढचे उदाहरण पाठ असेल. एक मनुष्य ३ किलोमीटर पूर्वेला गेला, मग काटकोनात वळून ४ किलोमीटर उत्तरेला गेला. त्याचे विस्थापन किती? वर्गातली निम्मी मुले ‘पाच’ म्हणून ओरडतात. आमच्याकडे कॉलेजात येणारी मुलेही तेच करतात. ‘पाच कुठून आले?’ असे विचारले की सूत्र म्हणून दाखवतात, आणि ‘सूत्र कुठून आले?’ असे विचारले की फळ्याकडे बघत बसतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या उदाहरणातला मनुष्य कुठल्या गावचा, कुठे निघाला आणि मुळात वळला कशासाठी, हे आपण त्यांना कधी सांगतच नाही. सपाट कागदावर कोणी उगाच काटकोनात वळत नसते.

आपल्या भागात मात्र वळावे लागते. कर्जत तालुक्यातले खांडस गाव घ्या. येथून भीमाशंकरला चढायच्या दोन वाटा आहेत. एक शिडी घाट. ती जवळची, पण उभ्या कड्याची. काही ठिकाणी शिड्या लावूनच चढावे लागते. दुसरी गणेश घाटाची. ती गणपतीच्या देवळावरून डोंगराला वळसा घालत सावकाश चढते. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या सपाटीवर एकत्र येतात. शिडीने गेलेला तरुण आणि गणेश घाटाने गेलेली म्हातारी माणसे देवळाशी भेटली, की दोघांचे विस्थापन तंतोतंत एक असते. अंतर वेगळे, वेळ वेगळा, घाम वेगळा. वाट निवडताना माणूस आपला गुडघा आणि डोक्यावरचे ओझे पाहतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, कारण बोरघाटातही हेच झाले. फरक इतकाच, की तिथे गुडघा इंजिनाचा होता.

पण त्याआधी त्या पाचाचा उलगडा करू. चौकटींचा कागद घ्या. काटकोनाच्या एका भुजेवर ३ चौकटींचा चौरस काढा, दुसऱ्या भुजेवर ४ चौकटींचा. पहिल्यात ९ घरे, दुसऱ्यात १६, मिळून २५. तिरप्या बाजूवर जो चौरस उभा राहतो त्यात बरोबर पंचवीस घरांचे क्षेत्र मावते, म्हणून त्याची बाजू ५. लांब्यांची बेरीज करायची नाही, चौरसांची करायची, एवढेच यातले रहस्य. आपल्या गावचा गवंडी हे जाणतो. घराचा पाया आखताना तो कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांची खूण करतो, दुसरीवर ४ फुटांची, आणि दोन खुणांमधले अंतर ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवत राहतो. पाच भरले की कोपरा काटकोनात आला. त्याला पायथागोरस ठाऊक नसला तरी पायथागोरसाचे भिंतीवाचून अडत नाही आणि भिंतीचे पायथागोरसावाचून अडत नाही!

आपल्याकडे यज्ञाच्या वेदी आखणाऱ्यांनी हे फार पूर्वी लिहून ठेवले. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णावरचा चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरच्या चौरसांइतका असतो, हे स्वच्छ सांगितलेले आहे. शुल्ब म्हणजे दोरी. म्हणजे हे शास्त्र दोरी हातात धरणाऱ्यांनीच सुरू केले. पुढे भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. भास्कराचार्यांचे नाव आपल्या खानदेशाशी जोडलेले आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे आणि त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. आडवी बाजू भुज, उभी बाजू कोटी आणि तिरपी बाजू कर्ण, ही नावे त्या परंपरेतली.

लीलावतीत दोन माकडांचे एक गणित आहे. ते आजच्या विषयाला इतके जुळते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. शंभर हात उंच झाड आहे. झाडाच्या बुंध्यापासून दोनशे हातांवर विहीर आहे. झाडाच्या शेंड्यावर दोन माकडे बसली आहेत. त्यांतले एक सरळ खाली उतरले आणि जमिनीवरून चालत विहिरीपाशी गेले. दुसऱ्याने शेंड्यावरून आधी सरळ वर उडी घेतली आणि तेथून तिरप्या रेषेत थेट विहिरीपाशी आले. दोघांनी काटलेले अंतर सारखेच भरले. तर दुसऱ्याची उडी किती उंच?

पहिल्याचे अंतर सोपे आहे. शंभर खाली, दोनशे आडवे, एकूण तीनशे हात. दुसऱ्याची उडी पन्नास हातांची धरून पाहा. मग विहिरीपासून उभी उंची झाली दीडशे, आडवे अंतर दोनशे. दीडशेचा वर्ग २२,५००, दोनशेचा ४०,०००, बेरीज ६२,५००, आणि याचे वर्गमूळ बरोबर २५०. पन्नास उडीचे आणि अडीचशे तिरपे मिळून तीनशे. उत्तर जमले. आता मुलांना पुढचा प्रश्न आपण आपल्या पदरचा घालू. दोन्ही माकडांचे विस्थापन किती? दोघांचे एकच. शंभर उभे, दोनशे आडवे; वर्गांची बेरीज ५०,०००; वर्गमूळ २२३ हातांहून किंचित अधिक. तीनशे हात धावूनही माकड मूळ जागेपासून दूर गेले ते एवढेच. दोघे दोन वाटांनी गेले हे विहिरीला कळतसुद्धा नाही.

आता कर्जतकडे परत येऊ.

मुंबई ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले आणि १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गेले. तिकडे घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. म्हणजे १८५८ ते १८६३ ही पाच वर्षे असे चाले, की मुंबईचा उतारू खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर नाही तर बैलगाडीत बसून घाट चढे, आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. घाटाचा रस्ता आधीपासून होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० साली तो चाकांच्या गाड्यांसाठी खुला केला होता. त्या रस्त्यावरचा जुना पूल, ज्याला पुढे सारे अमृतांजन पूल म्हणू लागले, तो २०२० साली पाडण्यात आला. माझ्या पिढीच्या पुष्कळांनी तो बसच्या खिडकीतून पाहिला आहे.

आता प्रश्न असा, की खोपोलीपर्यंत रूळ पोचलेले आणि खंडाळ्यापासून पुढे रूळ तयार. मग मधला तुकडा तिथल्या तिथे का जोडला नाही? खोपोली आणि खंडाळा यांच्यात सरळ रेषेने पाचएक किलोमीटरच आहेत. चढ मात्र पावणेपाचशे मीटरांच्या आसपास. म्हणजे साधारण दर साडेदहा मीटर चालीला एक मीटर वर. बैल हे करील, कुरकुरत करील. आगगाडीला ते जमणार नाही, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक. दोन्ही गुळगुळीत, म्हणूनच तर सपाटीवर एक इंजिन एवढी मोठी गाडी सहज ओढते. तोच गुण चढावर अवगुण होतो. चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी मागे येऊ पाहते.

बोरघाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा ठेवलेला आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. आपल्या डोळ्यांना हा चढ जवळजवळ सपाटच वाटेल; सायकलवाल्याला मात्र थोडा कळेल. पण त्याचा अर्थ असा, की ३७ टन वजनाचा डबा त्या चढावर उभा केला तर १ टनाची ओढ त्याला सतत मागे खेचत असते. अशा डब्यांची माळच्या माळ चढवायची. पुढे ओढणारी आणि मागून ढकलणारी इंजिने का लागतात, याचे उत्तर या सदतिसाव्या हिश्शात आहे.

आणि वळशाचे उत्तरही त्यातच आहे. पावणेपाचशे मीटर चढायचे आणि दर मीटरला निदान ३७ मीटर रूळ हवा, तर गुणाकार करा. साडेसतरा किलोमीटर झाले. खोपोलीहून खंडाळा पाच किलोमीटरांवर दिसते. पण साडेसतरा किलोमीटर रूळ घातल्यावाचून तिथे पोचता येत नाही. हे जादा बारा किलोमीटर डोंगरात कुठे तरी अंथरायला जागा पाहिजे. म्हणून खोपोलीला फाटा म्हणून सोडून मुख्य मार्ग मागे पळसदरीपासूनच डोंगराच्या अंगाने चढवत नेला. कर्जत–खोपोली ही लोकल आजही त्या पहिल्या रुळांच्या वाटेने जाते.

घाटाच्या पायथ्याची उंची १९६ फूट, माथ्याची २,०२७ फूट, चढ १,८३१ फूट. आखणी केली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कली यांनी. १,८३१ ला ३७ ने गुणले तर सुमारे ६७,७४७ फूट येतात, म्हणजे पावणेतेरा मैलांहून थोडे जास्त. याहून कमी लांबीत हा चढ बसतच नाही. प्रत्यक्षात घाटाची लांबी पावणेसोळा मैलांच्या वर गेली, कारण सर्वच ठिकाणी ३७ ला १ ठेवता येत नाही. वळणावर थोडे सौम्य घ्यावे लागते, मध्येमध्ये सपाटी ठेवावी लागते. २५ बोगदे खोदावे लागले. दऱ्यांवर कमानींचे पूल बांधावे लागले.

आता आपले विस्थापन मोजू. नकाशावर ढोबळ पाहिले तर लोणावळा कर्जतच्या दक्षिणेला सुमारे १८ किलोमीटर आणि पूर्वेला सुमारे ९ किलोमीटर आहे. १८ चा वर्ग ३२४, नवाचा ८१, बेरीज ४०५. वर्गमूळ वीसच्या थोडे वर. आपण पट्टीने मोजले होते तेच. पण थांबा, आपण चढ तर धरलाच नाही. तोही दक्षिण आणि पूर्व या दोन्ही दिशांशी काटकोनातच आहे. १,८३१ फूट म्हणजे ५५८ मीटर, किलोमीटरात ०.५५८; त्याचा वर्ग साधारण ०.३१. बेरीज ४०५.३१. वर्गमूळ काढून पाहा. आधीच्या उत्तरात जेमतेम आठ मीटरांची भर पडते. ज्या चढासाठी सात वर्षे डोंगर फोडला, त्याची विस्थापनाच्या हिशेबातली किंमत आठ मीटर! कर्ण मोजून घाट समजत नाही तो असा. गुरुजींनी हा प्रकार फळ्यावर जरूर करून दाखवावा. दोन भुजांतली एक फार लहान असली, की कर्ण मोठ्या भुजेइतकाच राहतो, हे मुलांना एरवी पटत नाही.

या घाटात विस्थापनाचा आणखी एक धडा होता, तो आता रुळांवर पाहायला मिळत नाही. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. डोंगराच्या सोंडेवर अशी एक जागा होती, की तिथे गाडीला वळण घ्यायला अवकाशच नव्हता. बर्कलींनी युक्ती केली. गाडी त्या सोंडेवरच्या सपाटीत आणून उभी करायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि ज्या तोंडाने आलो त्याच्या उलट तोंडाने पुढचा चढ चढायला लागायचे. चिमट्याचे दोन पाय जसे एका टोकाशी जोडलेले असतात, तसे रूळ. उतारूला वाटावे, अरे, आपण परत कर्जतला निघालो की काय! हिशेबात मात्र चोख असावे लागते. गाडी समजा ४ किलोमीटर पूर्वेला गेली आणि मग तोंड फिरवून १ किलोमीटर पश्चिमेला आली, तर अंतर पाच, पण पूर्वेकडचे विस्थापन तीनच. उलट दिशेचे वजा होते. जमिनीवर मागे येता येता गाडी उंचीत मात्र पुढेच जात होती, कारण चढ चालूच होता. १९२९ साली नवी आखणी करून हे स्टेशन टाळण्यात आले, आणि त्याच साली या मार्गावर विजेची इंजिने धावू लागली.

इथपर्यंत सारे गणित झाले. पण तो सदतिसावा हिस्सा कागदावर लिहिणे वेगळे आणि खडकात कोरणे वेगळे. काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. कड्यांवर उभे राहायला जागा नाही म्हणून मजुरांना वरून दोरांनी लोंबकळत सोडत, आणि ते तसेच टांगलेल्या स्थितीत पहारीने सुरुंगाची भोके पाडत. काम भर जोरात असताना बेचाळीस हजारांपर्यंत माणसे या घाटात राबत होती. आजही कित्येक तालुक्यांच्या गावी इतकी वस्ती नसते. पावसात काम बंद, उन्हाळ्यात पाणी नाही, छपरे पाल्याची. पटकी आली की वस्त्याच्या वस्त्या उठत. मजुरी पोटकंत्राटदारांच्या हातून येई. ती कधी उशिरा मिळे, कधी ठरल्यापेक्षा कमी. १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा संयम सुटला आणि घाटात दंगा झाला. त्याची चौकशी झाली. पुढच्याच वर्षी, १८६० साली, अशा कामांवरचे मालक-मजुरांचे तंटे झटपट मिटवण्यासाठी सरकारने कायदा केला.

पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने १८५९ मध्ये काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने दगावला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट स्वतःच्या नावावर घेतले, दोन अनुभवी इंजिनियरांच्या हाती दैनंदिन काम सोपवले आणि घाट पुरा करून दिला. एकोणिसाव्या शतकात एका विधवा बाईने एवढे काम तडीस न्यावे, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नव्हती. बर्कली स्वतः १८६२ साली वारले. १८६३ च्या वसंतात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला तेव्हा आखणी करणारा हयात नव्हता, आणि सुरुंग लावणाऱ्यांपैकी किती तरी जण त्याच डोंगरात राहिले होते.

घाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोक सांगतात, की शिंग्रोबा हा इथला धनगर. साहेबांना वाट सापडेना तेव्हा त्याने आपल्या मेंढरांची वाट दाखवली. बक्षीस काय हवे म्हणून विचारले तर म्हणाला, आमचा देश आम्हाला परत द्या. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे. दप्तरांचा इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मला खरी वाटते. मेंढरे कड्यावर सरळ चढत नाहीत. ती डोंगराच्या अंगाने तिरकी तिरकी जातात. योग्य चढ शोधण्याची विद्या या डोंगरात दुर्बीण येण्याच्या आधीपासून होती, आणि लोकांना ते श्रेय आपल्या माणसाकडे ठेवायचे होते. त्यात चूक काही नाही.

जवळची वाट दिसली म्हणून धरली आणि फसली, याचाही दाखला याच खालापूर तालुक्यात आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगलांचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरत होता. खाली उंबरखिंडीच्या अरुंद तोंडाशी शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी सामान-सुमान टाकून शरण यावे लागले. घाटवाटांचे गणित नुसत्या लांबीचे कधीच नव्हते.

कर्जत तालुक्यातच दुसरी एक गाडी आहे, ती विसरून चालणार नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात खालापूर तालुक्यातल्या चौक गावाहून डोंगर चढून गेले आणि माथेरान साहेबलोकांच्या नकाशावर आले. ठाकर-कातकऱ्यांना ते आधीपासून माहीत होतेच. पुढे मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने नेरळ–माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली. नेरळहून माथेरान ढोबळमानाने साडेचार किलोमीटर दक्षिणेला आणि सव्वापाच किलोमीटर पश्चिमेला. वर्ग, बेरीज, वर्गमूळ तुम्हीच करा. सातच्या जरा अलीकडे उत्तर येईल. गाडीची वाट मात्र वीस किलोमीटरांच्या वर आहे. येथला चढ २० ला १ पर्यंत आहे, म्हणजे बोरघाटाहून पुष्कळ कडक. गाडी छोटी, ओझे हलके, म्हणून निभावते. रूळ अरुंद असल्याने वळणे इतकी आवळलेली, की पुढच्या डब्यातल्या माणसाला मागच्या डब्यातला माणूस समोरून येताना दिसतो. सात किलोमीटरांसाठी वीस किलोमीटर हिंडणारी ही गाडी पाहायला लोक पैसे मोजून येतात, हे विशेष.

याच्या अगदी उलट गोष्ट खोपोलीला दिसते. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी १९१५ पासून टाटांच्या वीजघरात आणले जाते. ते लोखंडी नळांतून डोंगराच्या उतारावरून जवळजवळ सरळ खाली येते, पाचशे मीटरांहून जास्त उंचीवरून. पाण्याला चढायचे नाही, पडायचे आहे. त्याला वळशाची गरज काय? आणि पाण्यापासून किती वीज मिळणार, हे पाणी किती उभे पडले यावर ठरते. ते आडवे किती लांब आले त्यावर नाही. ज्या उभ्या भुजेची आपल्या विस्थापनात आठ मीटर किंमत झाली, तीच इथे सगळे काम करते. बोरघाटात इंजिनाला दमवणारीही तीच.

द्रुतगती मार्गावर घाटाचा वळसा टाळण्यासाठी ‘मिसिंग लिंक’ची आखणी झाली, तिच्यात लांब बोगदे आणि दरीवरचा उंच पूल यांच्या बळावर सुमारे सहा किलोमीटर वाचतात. मोटारीचे रबरी चाक आणि डांबरी रस्ता यांना ३७ ला १ ची अट नाही. यंत्र बदलले की कावळ्याच्या वाटेजवळ सरकता येते; फक्त डोंगर फोडण्याचा खर्च तितका वाढतो.

गुरुजी, या आठवड्यात एवढे करून पाहा. तालुक्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावा. एक जाड दोरा ओला करून कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत रेल्वेच्या रेघेवर वळणावळणाने बसवा, दोन्ही टोकांना गाठी मारा. मग तो दोरा काढून सरळ ताणा आणि प्रमाणपट्टीवर ठेवा. जवळच दुसरा दोरा त्याच दोन गावांमध्ये सरळ ताणून मोजा. मुलांना आधी आकडे सांगू नका. दोन्ही दोरे त्यांच्या हातात द्या, आणि लांब दोऱ्यातला जास्तीचा तुकडा त्यांनाच कापायला सांगा. तो तुकडा कशासाठी लागला, ते कर्जतच्या फलाटावर गाडीला मागून इंजिने जोडताना एकदा नेऊन दाखवा. स्टेशन दूर असेल तर शाळेजवळच्या टेकाडावर भरलेली हातगाडी ढकलायला लावा, आधी सरळ आणि मग तिरकी.